आईच्या शब्दांत

मावशी लहान मुलांच्या एका दुर्मिळ आजारावर वेबसाइट चालवायची. भाचीने त्या वेबसाइटवर शोधाची सोय करून दिली.

“आजाराचं नाव टाकलं की लेख समोर येतील.”

“नाव कुणाला ठाऊक असतं? माझ्या मुलाच्या वेळी ते कळेपर्यंत चार वर्षं गेली. ‘बाळ मान धरत नाही’ एवढं टाकलं तरी सापडलं पाहिजे.”

“मावशी, अशी वाक्यं शेकड्यांनी निघतील!”

“निघू देत. मी लिहिते.”

तीन महिने ती आयांचं बोलणं जसंच्या तसं उतरवत राहिली. मग एका आईचा फोन आला.

“तुमच्या वेबसाइटमुळे वेळेत कळलं, उपचार सुरू झाले. तुमचा मुलगा कसा आहे?”

“तो गेला,” म्हणत मावशीने वही पुढे ओढली. “आधी काय काय टाकून सापडलं नव्हतं, तेवढं सांगा.”