चौथऱ्याखालची राणी

कडूने पहार खाली टाकली आणि तो चौथऱ्यावर बसून राहिला.

"ऊठ," ठेकेदार शालिग्राम म्हणाला. "रस्त्याला खडी कमी पडतेय. आज हा ढिगारा उचलायचाच."

कडू हलला नाही. मजूर एकमेकांची तोंडं बघू लागले. जैनाबादच्या त्या उजाड बागेतले निम्मे दगड महिनाभरात रस्त्याखाली गेले होते. कुणी हूं की चूं केलं नव्हतं. तापीकाठी जुन्या विटांना काय तोटा!

"अरे, बहिरा झालास का? इथं काय राणी पुरलीय?"

"हो, राणीच आहे," मागून रंभाबाई म्हणाली. कडूची बायको. डोक्यावरची पाटी तिने खाली ठेवली होती. "सासूनं दाखवली होती मला. हात लावाल तर भोगाल."

मजुरांनी पटापट हात जोडले. शालिग्राम हसला, पण आतून टरकला. भुताखेतांना तो फार भ्यायचा. काही वर्षांपूर्वी, छप्पन्न्याच्या मोठ्या दुष्काळात, ह्याच बागेत खडी फोडायचं सरकारी काम निघालं होतं. तेव्हा तो मुकादम होता, आणि दिवस कलला की घरी पळायचा. कडू आणि रंभाबाई तेव्हाही त्याच्याच हाताखाली राबत होते.

"साहेब येऊन सांगेल तोवर थांबतो," तो म्हणाला. "खोटं निघालं तर दोघांनाही कामावरून हाकलीन."

बातमी नदी ओलांडून बऱ्हाणपूरला कचेरीत गेली. तिथला कारकून वामन म्हणजे जुन्या भिंतींचा वेडा. नव्या साहेबाने जुन्या जागा जपायचं मनावर घेतल्यापासून तर त्याला पंखच फुटले होते. सकाळच्या नावेने तो जैनाबादला आला.

चौथरा पाहून तो जरा हिरमुसला. "फार लहान आहे हो बाई."

"नाजूक होती ती."

"खालच्या विटा जुन्या आहेत. वरचे दगड मात्र मागून रचलेले दिसतात."

"आम्हीच रचले. कोल्ही उकरतात ना, भाऊसाहेब."

वामनला गहिवरून आलं. कुठली कोण राणी, आणि तिच्यासाठी ही गरीब माणसं दगड वाहतात! दगडांपाशी एक वाटी होती. तळाशी दूध सुकलेलं होतं.

"दूध वाहता?"

"तिला दुसरं काय चालणार?"

"बरोबर. राजघराण्यातली ती. गेली कशानं?"

रंभाबाईने पदर तोंडाशी धरला. "बाळंतपणातच."

"अरेरे! आणि नाव काय होतं तिचं?"

"नाव राहून गेलं," ती म्हणाली आणि उठून पाटी उचलायला गेली.

वामनने गावात चौकशी केली. पारावर म्हातारा लोटू बसला होता. "राणी? आपण तर नाही ऐकलं बुवा," तो म्हणाला. एवढ्यात त्याची नजर वामनच्या मागे गेली. रंभाबाई तिथे उभी होती. लोटूने घसा खाकरला. "हां हां, ती राणी! आहे की. आपला बाप सांगायचा ना. म्हातारपणी, बापा, ध्यानातच राहत नाही काही."

वामनला शंका आली नाही असं नाही. पण माणसाला जे हवं असतं ते पटायला किती वेळ लागतो?

आठवड्याने साहेब आला. शालिग्राम छत्री घेऊन त्याच्या मागे-मागे. साहेबाने चौथऱ्याला फेरी मारली, छडीने दोन दगड ठोकले आणि म्हणाला, "खोदून पाहू. राणी असेल तर सापडेल."

शालिग्रामने लगेच पहार मागवली. कडू पांढराफटक पडला. रंभाबाई धावली आणि त्या दगडांवर पालथी पडली. तिने दोन्ही हातांनी दगड कवटाळले.

"काय बाई नाटक करते! उठाव उसको!" शालिग्राम ओरडला.

वामन कधी साहेबासमोर मान वर करून बोलला नव्हता. त्या दिवशी बोलला. "साहेब, गावातला म्हाताऱ्यातला म्हातारा शपथेवर सांगतो. झोपलेल्या बाईमाणसाला पुरुषांनी उघडं पाडायचं, हे बरं नव्हे. आपल्या विलायतेत राण्यांच्या कबरी उकरतात का?"

लोटूने शपथ कुठे घेतली होती? पण निघून गेलं तोंडातून.

साहेबाने त्या पालथ्या पडलेल्या बाईकडे पाहिलं. मग त्याने पहार परत पाठवली आणि रस्ता बागेबाहेरून वळवायचा हुकूम दिला. शालिग्रामचा चेहरा कारल्यासारखा झाला. रंभाबाई मात्र अंधार पडेपर्यंत तिथून उठली नाही. आपण आज कुणाला तरी वाचवलं, या आनंदात वामन नावेत बसला. घरी बायकोला चार वेळा सगळं सांगितलं.

चौथऱ्याभोवती लोखंडी गज बसले. गवंडी काम करत असताना रंभाबाई वामनपाशी आली. "भाऊसाहेब, वाटी आत सरकवता येईल एवढी फट ठेवा."

"अहो, ठेवतो की. तुमच्यामुळे तर राणी राहिली."

अखाजीच्या दिवशी, अक्षय्य तृतीयेला, फलक लागला. 'येथे एक राणी विसावली आहे. कोणी दगड हलवू नये.' साहेब फुलांचा हार घेऊन आला. सगळं गाव जमलं होतं, वामन नव्या पगडीत मिरवत होता. साहेबाने हार गजांवर घातला, टोपी काढली आणि मान खाली घातली. त्याचं बघून शालिग्रामनेही हात जोडले.

गर्दीच्या मागे कडूने बायकोचा हात घट्ट धरला. तिच्या दुसऱ्या हातात दुधाची वाटी होती.

"बारशापर्यंतसुद्धा टिकला नाही गं आपला पोऱ्या," तो तिच्या कानाशी म्हणाला, "अन् आज बघ, सायबानं त्याच्यापुढं टोपी काढली."