बोटभर वार

गाडग्याच्या तोंडाला फडकं बांधून दगडाबाई दवाखान्याच्या पायरीवर बसली होती. गाडग्यात कालच जन्मलेल्या नातवाची वार, बाळामागून पडलेली, हळद-मीठ लावलेली. गावाकडची, अकोल्याची एसटी अकरा वाजता.

"आजी, बोटभर तुकडा द्याल का?" प्रयोगशाळेतल्या यशोधरेने विचारलं.

"वारंचा? कशापायी?"

यशोधरा शेजारी टेकून सांगू लागली. मुंबईहून बर्फातून आलेली, तपासणीच्या औषधाची इवलीशी बाटली. कर्करोगाच्या गाठींचे पातळ काप लावलेल्या अकरा काचा तपासल्या, अकराही कोऱ्या. औषध मेलंय की गाठींतच काही नाही? औषध जे शोधतं, ते वारेत हमखास सापडतं. वारेची काचही कोरी निघाली, तर डॉक्टर चाचणीच बंद करणार होते.

"शिरेला 'वाढ गं' अशी हाक येते, आजी. ती ऐकायला पेशीवर बारीक कान असतो. वारेत असे कान पुष्कळ. माझ्या औषधाला कान सापडला की तपकिरी रंग चढतो."

"आन् गाठीला बी कान?"

"असला तर ती रक्त ओढून वाढते."

दगडाबाईने गाडगं मांडीवर घेतलं. "न्हाई बाई. लेकाची हितं नागापुरात भाड्याची खोली, खाली फरशी. म्हनून तर गावाला नेती. वार पुरली तिथलं पोर. अर्धी पुरली तर अर्धंच आमचं ऱ्हाईल."

"बरं आजी." यशोधरा उठली.

"ए पोरी, तुजी कुठं पुरलीय?"

"जामखेडला. घरामागं."

"मग हितं कशी?"

"नोकरी."

"बघ. पुरून बी आलीसच की." म्हातारी हसली, मग फडक्याची गाठ सोडू लागली. "घे. पर उरलंसुरलं कचऱ्यात टाकायचं न्हाई. तुज्या दारात पूर. पोराला दोन घरं हुतील."

चौथ्या दिवशी यशोधरेने वारेची काच सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. शिरांच्या कडेकडेने तपकिरी रंग, सारवलेल्या ओट्याला गेरूची रेघ ओढावी तसा. औषध जिवंत होतं. त्या अकरा गाठीच बहिऱ्या होत्या.

दिवस मावळायला ती इथल्या घराच्या उंबऱ्यापुढे, वारेचा उरलेला तुकडा शेजारी ठेवून, खुरप्याने माती उकरत बसली.

"काय गं पुरतीयेस?" आतून आई ओरडली.

"हळू बोल आई," खड्ड्यावर माती लोटत यशोधरा म्हणाली. "हिला कान आहेत."