रुखवतातली आगगाडी

वाशीमच्या स्टेशनावर आगगाडी पाहून आल्यापासून उकंडराव रॉकेलचे पिपे कापून गाडीचे डबे करत होता. डबे एकतीस झाले. कोनाडे भरले, कणगीचं झाकण भरलं, परवा तर पिठाच्या मडक्यातून दोन डबे निघाले.

"आता या घरात मी राहीन, नाही तं तुमची गाडी!" बायको तुळसाबाई कडाडली.

लेक रंगूनंच तोड काढली. "बाबा, माह्या लग्नात रुखवतात मांडा ना. एवढी जागा कुठं भेटन?"

उकंडराव हरखून गेला. मांडवात लाडू-करंज्यांच्या परातींभोवती त्यानं इंजिनापासून गार्डाच्या डब्यापर्यंत अख्खी गाडी उभी केली. सारं रिठद गाव लोटलं. नवरदेवाला सोडून वऱ्हाडी गाडीच पाहत बसले. उकंडरावाचे पाय जमिनीवर ठरेनात.

निघताना मालेगावचे व्याही ओरडले, "रुखवत बंडीत भरा रे! गाडी सांभाळून!"

रुखवतात मांडलेलं सारं पोरीच्या सासरी जातं, हे तेव्हा कुठं त्याच्या ध्यानात आलं. त्यानं तुळसाबाईकडं पाहिलं. ती रडता रडता हसत होती.

रंगू त्याच्या पाया पडली आणि उठताना तिनं हळूच इंजिन त्याच्या हातात ठेवलं.

"हे तुमच्यापाशीच राहू द्या, बाबा. दिवाळीले मले न्याले याल, तवा घेऊन या. तोवर डबे वाट पाह्यतीन."