उरलेला पंप

दोन नंबरचा पंप जळाला तेव्हा सकाळचे साडेसहा वाजले होते. हर्सूलच्या वस्तीत आज नवव्या दिवशी पाणी सुटायचं होतं. बायांनी पहाटेच हंडे मांडून ठेवले होते.

पंपहाऊसवरच्या अनवरीनं, कुणी मध्येच हातानं चालवू नये म्हणून, पॅनलची चावी काढून मुठीत धरली. आजवर एक पंप गेला की सगळंच बंद पडायचं. पाणीपुरवठ्याच्या इंजिनियर योगिनी मॅडमनी महिनाभर खपून पॅनलला नवं वळण लावलं होतं: एक गेला तर उरलेल्यानं ओढायचं, आणि सगळ्या भागांना थोडंथोडं वाटायचं. साहेब लोक तेव्हा हसले होते.

एक नंबरचा आवाज चढला. तिन्ही भागांचे व्हॉल्व्ह आपोआप निम्म्यावर आले. पाइप एकदा थरथरला. दाबाचा काटा चारावरून घसरला, अडीचवर थांबला आणि तिथंच राहिला.

"धरलं गं बाई," अनवरी पुटपुटली.

अर्ध्या तासात जीप आली. उपअभियंता शिवशंकर साहेब पंपहाऊसवर वर्षातून दोनदा यायचे. एकदा खंडेनवमीच्या पूजेला, एकदा फोटोला. आज तिसऱ्यांदा आले, तेही बिनआंघोळीचे.

"ऑफिसर कॉलनीत नळाला करंगळीएवढी धार! काय चाललंय इथं?"

"एक पंप मेला साहेब. दुसरा दोघांचं ओढतोय. समद्यांना अर्धं अर्धं."

"वस्तीचा व्हॉल्व्ह बंद कर. कॉलनीचा पुरा उघड. वस्तीला दुपारी टँकर पाठवू."

"मागल्या बारीचा टँकर अजून वाटंतच हाये."

"तुला सांगितलेलं कळत नाही? कॉलनीत कोण कोण राहतं, माहीत आहे ना?"

"मला हाये की. पण मॅडमनी ह्यात घरं मोजलीत साहेब, दारावरच्या पाट्या नाय वाचल्या."

साहेबांनी हात पुढं केला. "चावी आण इकडं."

अनवरीनं चावी ओढणीच्या टोकाला बांधली आणि गाठ दातांनी आवळली.

"ठेक्यावरची बाई तू! उद्या तुझ्या जागी दुसरी बसवीन."

"बसवा की. दुपारपाळीला अरफा हाये, रातपाळीला द्वारकाबाई." तिनं स्टूल ओढून पॅनलसमोर ठेवलं आणि बसली. "दोघींनाबी मीच शिकवलंय."