पुष्पाबाईंचा अंगठा

“इख घालं इनी मनी बहीणले!”

हिलालमामा अतिदक्षता विभागाच्या दारातच ओरडले. बहिणीला विष घातलं म्हणत त्यांनी बोट रोखलं होतं ते बहिणीच्या सुनेकडे, सुषमाकडे. सुषमा भिंतीला टेकून उभी होती. तिचा नवरा चेतन दोघांच्या मध्ये आला.

आत सुषमाच्या सासूबाई, पुष्पाबाई, निपचित पडल्या होत्या. आधी त्यांना एकाचे दोन दिसू लागले. मग जीभ जड झाली, पाणी गिळेना, हात उचलेनात. सुरतच्या भेस्तान भागातल्या घरून दवाखान्यात आणेपर्यंत श्वासही थकला. आता श्वास मशीन देत होतं. पापण्या मिटलेल्या, बाहुल्या थिजलेल्या. माय आता उठत नाही, असं चेतननं मनाशी धरलं होतं. तिला गावाकडे न्यायची गाडीही त्यानं विचारून ठेवली होती.

मामांना मात्र हिशेब सरळ दिसत होता. सुषमाला कडोदऱ्याला, चेतन यंत्रमाग चालवायचा त्या लूमच्या कारखान्याजवळ, वेगळी खोली हवी होती. त्यावरून मागच्याच आठवड्यात सासू-सुनेचं भांडण अख्ख्या गल्लीनं ऐकलं होतं. घरात सगळ्यांचं जेवण एकच, आणि पडली एकटी पुष्पा. ते पोलीस चौकीत जायला निघालेच होते.

“विषच आहे,” मागून कुणीतरी म्हणालं.

सगळे वळले. मेंदूच्या डॉक्टर देसाई आज पहिल्यांदाच पेशंटला तपासून बाहेर आल्या होत्या. त्या सुरतच्याच, वॉर्डातल्या मावशींकडून मराठी शिकलेल्या.



“पण ते कुणी घातलेलंच असतं असं नाही,” डॉक्टर म्हणाल्या. “बंद डब्यात, बाटलीत, जिथं हवा जात नाही तिथं एक जंतू वाढतो. तो हे विष तयार करतो. ना वास, ना चव. शिकत असताना मी प्रयोगशाळेत याच विषावर काम केलंय. ताटलीत वाढवलेल्या पेशींवर आम्ही त्याचा कणभर अंश टाकायचो. नस स्नायूला निरोप कसा देते, हे आम्हाला त्यानंच शिकवलं.” त्यांनी चेतनकडे पाहिलं. “तुम्ही लूमवर आहात ना? समजा, मशीन ठीक आहे, वीजही आहे, पण तारेचं टोक निकामी झालंय. मशीन चालेल?”

“नाही चालणार.”

“तसंच झालंय. मेंदूतून हुकूम निघतोय, पण नसेच्या टोकाशी अडकतोय. मेंदूला या विषानं हात लावलेला नाही. त्यांना सगळं कळतंय. ऐकूही येतंय.”

चेतननं आत पलंगाकडे पाहिलं. गाडीचं बोलणं त्यानं मायच्या उशाशी उभं राहूनच केलं होतं.

डॉक्टर सगळ्यांना आत घेऊन गेल्या. पायावरची चादर त्यांनी बाजूला केली. “पुष्पाबेन, हो असेल तर अंगठा हलवा. नसेल तर नका हलवू. माझं बोलणं ऐकू येतंय?”

काहीच झालं नाही. मग उजव्या पायाचा अंगठा तांदळाच्या दाण्याएवढा हलला.

“माय!” चेतननं पलंगाचा कठडा घट्ट धरला.

“आता सांगा,” डॉक्टर घरच्यांकडे वळल्या. “यांनी एकट्यांनीच काय खाल्लं होतं? विष कशातून आलं ते कळलं, की उताऱ्याचं औषध आत्ताच मागवता येईल.”

चेतनला काही आठवेना. सुषमाला आठवत होतं. स्वयंपाकघर तिच्याच हातात होतं. बोललं तर संशय पक्का होणार होता. तिनं सासूच्या नाकातोंडातल्या नळ्यांकडे पाहिलं.

“तेलातला लसूण,” ती म्हणाली. “बाटलीत भरून ठेवलेला. यांना बीपीमुळे मीठ कमी, म्हणून बिनमिठाचा. बाकी कुणी त्याला हात लावत नाही.”

“आन् ती बाटली भरी कोन्ही?” मामा गरजले.

डॉक्टर वाकल्या. “पुष्पाबेन, तो लसूण खाल्ला होता?”

अंगठा हलला.

“बाटली सुनेनं भरली होती?”

अंगठा हलला नाही. सगळे थांबले. तो नाहीच हलला.

“तुम्ही स्वतः?”

हलला. आधीपेक्षा जरा जास्तच.

मामांनी डोक्यावरची टोपी काढली आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून राहिले. चौकीचं नाव पुन्हा निघालं नाही.

“उताऱ्यानं विष आणखी पसरणार नाही,” डॉक्टर म्हणाल्या. “जे बसलंय ते लगेच निघत नाही. पण नसांना नवी टोकं फुटतात. महिने लागतील. धीर धरा, या उठतील.”

त्या औषधासाठी फोन करायला बाहेर गेल्या. चेतन मायचे तळपाय चोळत रडत होता, आणि रडता रडता हसतही होता.

सुषमा उशाशी आली. त्या भांडणानंतर ती सासूशी एक शब्द बोलली नव्हती. ती कानाशी वाकली. शाळेची मराठी सुटली आणि घरातली बोली तोंडात आली.

“माय, तुमले मना राग शे का?”

तिनं अंगठ्याकडे पाहिलं. तो हलेना. चेतनचे हातही थांबले. बराच वेळ झाला. अंगठा तसाच. होती तेवढी ताकदही संपली की काय?

“माय,” ती घाबरून म्हणाली, “ऐकू येस ना?”

अंगठा लगेच हलला.