सात दिवसांचं तेल

धुणं झाल्याचं सांगत वॉशिंग मशीन किणकिणलं आणि दुपारची शांतता मोडली. लेक कूस बदलून पुन्हा झोपली. ओले कपडे तसेच ठेवून मी जुना लॅपटॉप उघडला. त्यातला राक्षस-जादूगारांचा ऑनलाइन खेळ आज कायमचा काढून टाकायचा होता. कॉलेजभर खेळले, पण ही झाल्यापासून चार वर्षं तिकडे फिरकलेही नव्हते.

निरोपापुरती खेळातल्या माझ्या झोपडीत गेले. सात दिवस तेल घातलं नाही, तर तिथला दिवा विझतो आणि झोपडीही जाते. पाहते तर माझा दिवा तेवत होता!

दारात ढाल घेऊन आमच्या टोळीतला ‘वांगीभात’ उभा; टोळीत आम्ही एकमेकांना खेळातल्या नावांनीच ओळखायचो. त्याने टाइप केलं, “आलीस भवाने? बाळंतपण उरकून येते म्हणालीस, चार वर्षं तेल घालतोय इथे!”

खेळ काढायचं राहूनच गेलं. मी दिव्यात तेल घातलं, तोवर लेक मांडीवर येऊन बसली होती.

“हा कोण?”

“माझा खूप जुना मित्र, वांगीभात.”

ती खुदकन हसली. “असं नाव असतं का कुणाचं? खरं नाव सांग ना, आई.”