जमिनीलगत

शेवटचं झुडूप छाटून हुसेनमियाँ उभे राहिले, तेव्हा शेडमध्ये झुडूप म्हणावं असं काही उरलं नव्हतं. ब्लॅक करंटच्या चार रांगा होत्या, तिथे आता मातीतून बोटभर खुंट तेवढे वर आले होते. छाटलेल्या काड्या त्यांनी वाटेवरच टाकल्या, मालकाच्या पायात याव्यात अशा. मग कात्री पुसून खिळ्याला अडकवली. नासधूस करायची म्हणून हत्यार कुठेही टाकायचं, हे त्यांना जमण्यासारखं नव्हतं.

शेडमध्ये हिवाळा चालू होता. दार उघडलं की सौदीतल्या दम्मामचा मे महिना. रमजानात रोजा सोडताना अख्खं शहर ब्लॅक करंटचं जे जांभळं सरबत पितं, ते मालक अबू फहद यांना स्वतःच्या शेतातल्या फळांचं हवं होतं. म्हणून ही रोपं विमानाने आली होती. थंडीशिवाय त्यांना फळ धरत नाही, म्हणून एवढी यंत्रं. हिवाळा कधी संपवायचा हे पुण्याचा इंद्रनील ठरवायचा. तो शेतीशास्त्रात एम.एस्सी. होता.

हुसेनमियाँच्या मुलीचा, उझमाचा, निकाह बकरी ईदनंतर रत्नागिरीला ठरला होता. त्यांनी रजा मागितली, तेव्हा अबू फहद प्रेमाने म्हणाले होते की फळ दिसू दे, मग जा. या झाडांना तुझा हात कळतो. फळ आलंच तर पुढच्या वर्षी. कंपन्यांतले लोक हल्ली देशाबाहेर जायची परवानगी स्वतःच फोनवरून काढतात. माळ्याला अजून कफीलच, म्हणजे व्हिसा देणारा मालकच, लागतो. तेव्हा हुसेनमियाँनी साधा विचार केला. झुडपंच नसली तर त्यांना हात लावणारा कशाला हवा? मालक शिव्या घालेल, खलास म्हणेल, कायमचा एक्झिट लावून घरी धाडेल. निकाहाला बाप हजर.

इंद्रनील आत आला आणि दारातच थबकला.

“हे काय केलंत?”

“कापली.”

“सगळी?”

“एक कशाला ठेवू, साहेब? शोभेला?”

इंद्रनीलच्या इकाम्याची, इथे राहायच्या परवान्याची, मुदत पुढच्या महिन्यात संपत होती आणि ती वाढवणं मालकाच्या हातात होतं. त्याचा चेहरा उतरला. तो एका खुंटाशी वाकला, बोट फिरवून पाहिलं, आणि चेहरा हळूहळू जागेवर आला. हुसेनमियाँना ते काही आवडलं नाही. त्यांनी सगळं सांगून टाकलं: का कापली, मालकाने काय करावं अशी अपेक्षा आहे, निकाह कधी आहे.

“तुम्ही मधे बोलू नका. गप राहा फक्त. माझं मी बघतो.”

इंद्रनील बरं म्हणाला.

अबू फहद आले ते काड्यांना अडखळतच. त्यांनी खुंटांकडे पाहिलं.  हुसेनमियाँ शिव्या ऐकायला नीट उभे राहिले.

तोवर इंद्रनीलने मोबाइल काढला होता. कुठल्याशा थंड देशातला, रबरी बूट घातलेला एक म्हातारा ब्लॅक करंटचं कोवळं रोप खड्ड्यात लावत होता आणि लावल्या लावल्या त्याच्या सगळ्या फांद्या जमिनीलगत कापून टाकत होता. त्याने मुळांना जोर येतो, नवे कोंब दाट फुटतात. इंद्रनीलने सांगितलं की हे लागवडीच्या दिवशीच करायला हवं होतं. विमानाने आणलेल्या रोपाला कात्री लावायची त्याची स्वतःची छाती झाली नाही. हुसेनची झाली. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं.

अबू फहदनी व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला. मग पुढे होऊन हुसेनमियाँच्या कपाळाचं चुंबन घेतलं.

हुसेनमियाँनी मोडक्यातोडक्या अरबीत सांगून पाहिलं. मी रागाने कापली. मारायला कापली. मला घालवा.

“माशाल्ला,” अबू फहद इंद्रनीलला म्हणाले, “बघ. कौतुकसुद्धा अंगाला लावून घेत नाही.”

रजेचं त्यांनी आपणहूनच काढलं. ऐन कोंब फुटायच्या वेळी असा माणूस सोडणं त्यांना पाप वाटत होतं. निकाह काय, मोबाइलवर दिसतो. भाच्याचा त्यांनी तसाच पाहिला होता. मग त्यांनी वाटेवरच्या काड्यांचं काय करायचं विचारलं. इंद्रनील म्हणाला, वीतभर तुकडे करून रोवले की एकेका काडीचं नवं झुडूप होतं. अबू फहदनी ढिगाकडे नजर टाकली आणि शेजारची रिकामी शेडही हुसेनमियाँच्या हवाली केली. यल्ला, आजच लावा, म्हणाले आणि गेले.

हुसेनमियाँच्या खिशात फोन वाजायला लागला. रत्नागिरीहून बायकोचा, हफीजाचा. त्यांनी तो वाजू दिला.

“निमुळतं टोक वर,” इंद्रनील दुसरीकडे बघत म्हणाला. “दोन डोळे मातीबाहेर ठेवा. बाकीची काडी आत.”

“ठाऊक हाय.”

इंद्रनील यंत्राचे आकडे बघून परत आला, तेव्हा एक रांग पुरी झाली होती. दोरी लावल्यासारखी सरळ. तो वाकला. एकूण एक काडी निमुळत्या टोकाने मातीत गेली होती. जाड बुडखे वर आणि सगळे डोळे खाली. अशा काडीला मूळ फुटणं कठीण, हे कळायला एम.एस्सी. लागत नाही.

हुसेनमियाँ पुढची काडी हातात घेऊन थांबले.

“काय साहेब? ह्याचा पण व्हिडिओ हाय काय?”

 पँट गुडघ्यांपाशी जराशी वर ओढून इंद्रनील रांगेच्या टोकाला बसला. पहिली काडी उपटली, सुलटी केली, पुन्हा रोवली आणि बोटांनी भोवतालची माती दाबली.